पिकतं तिथं विकत नाही

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६०च्या दशकात पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय मिळायचा. तो घेऊन माणूस गावी जायचा आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कुबड्यांवर दिसायचा. पाय वाईट नव्हता. परदेशातल्या तज्ज्ञांनी नीट अभ्यास करून तो केला होता. ‘सॅच फूट’ म्हणत त्याला. आत लाकडाचा कणा, टाचेशी मऊ गादी, घोटा पक्का बसवलेला. फक्त तो बुटात घालायचा होता. बूट घालून चिखलात नांगर धरता येत नाही, देवळात जाता येत नाही आणि राजस्थानातल्या कुठल्या घरात स्वयंपाकाशी बूट चालतील? शिवाय घोटा वळत नसल्यामुळे उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा पाय जमिनीवर बसणाऱ्या माणसाला दिला होता.

अस्थिरोगविभागाचे प्रमुख होते डॉ. प्रमोद करण सेठी, एडिंबरोहून एफआरसीएस होऊन आलेले. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर नोकरीला होते. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, घराण्यात पिढीजात कारागिरी. रुग्णांना हस्तकला शिकवायची, म्हणजे बरे होईपर्यंत त्यांचे हात कामात राहतील, असं त्यांचं काम. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. डॉक्टर सकाळी फेरी मारून जात. मास्टरजी रुग्णांच्या शेजारी बसून असत. त्यामुळे पाय कुठं टोचतो, माणूस तो का काढून ठेवतो, बायामाणसांना त्याची लाज का वाटते, हे सगळं त्यांच्या कानावर आयतं पडे.

पुढची गोष्ट जयपुरात इतक्यांदा सांगितली जाते की तिला दंतकथेची कळा आली आहे. मास्टरजींच्या सायकलचं चाक पंक्चर झालं. दुकानात गेले तर तिथं ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवायचं काम चाललेलं. रबर साच्यात घालून तापवतात, ते एकजीव होतं, लवचीक राहतं आणि दगडधोंड्यांवर हजारो मैल धावतं. आपला पाय असाच करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. पहिले प्रयोग फसले. नुसता भरीव रबराचा पाय फार जड झाला. मग पुढचा चवडा आणि टाच स्पंज रबराची, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, त्यावर टायरच्या दोऱ्याची गुंडाळी, बाहेरून कातडीच्या रंगाचं रबर, आणि सगळं ॲल्युमिनियमच्या साच्यात बसवून भट्टीत. हा पाय सगळ्या बाजूंना थोडा थोडा वळू लागला. त्याला बोटंही होती. डॉ. सेठी आणि त्यांचे सहकारी डॉ. एस. सी. कासलीवाल, डॉ. महेश उदावत यांनी शरीरशास्त्राची बाजू सांभाळली, कुठं भार पडतो, कुठला सांधा किती वळला पाहिजे ते सांगितलं. साल १९६८. जगाने त्याला ‘जयपूर फूट’ म्हटलं.

कंपनीने निर्णय घेताना बाहेरचा सल्लागार आणायचा की आपल्याच माणसांना विचारायचं, या वादात हे उदाहरण नेहमी दिलं जातं आणि नेहमी अर्धंच दिलं जातं. सांगणारा टायरच्या दुकानापाशी थांबतो, टाळ्या पडतात. उरलेली अर्धी गोष्ट जास्त कामाची आहे.

ती अशी. पाय तयार झाला, पण पहिल्या सात वर्षांत तो जेमतेम पन्नास-साठ माणसांपर्यंत पोचला. कल्पना आतली होती, ती चालवायला लागणारी संस्था आत नव्हती. तो तिढा सोडवला देवेंद्र राज मेहता या सनदी अधिकाऱ्याने. १९६९ साली मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. १९७५ साली त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. ते डॉक्टरही नव्हते आणि कारागीरही नव्हते. सरकारी कामाची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी उलट केलं काय, तर सरकारी रुग्णालयाची रीतच मोडली. नाव नोंदवायला तारीख नाही, पैसे नाहीत, दूरच्या माणसाची राहायची-जेवायची सोय तिथंच. संस्थेच्या आकड्यांप्रमाणे पाय, कॅलिपर, तीनचाकी वगैरे धरून आजवर वीस लाखांहून अधिक लोकांना मदत झाली आहे.

मालवीयनगरातल्या त्यांच्या केंद्राचं काम बघण्यासारखं असतं. उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात, त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब तुकडा काढतात. मग उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा पाइप, आपल्याकडे शेतात पाण्यासाठी घालतात त्याच जातीचा, भट्टीत मऊ होईपर्यंत तापवायचा आणि दोघातिघांनी मिळून तो त्या प्लास्टरवर ओढून घ्यायचा. हे काम चपळाईचं आहे; पाइप थंड झाला की संपलं. निवल्यावर कडा घासायच्या, खाली रबरी पाय बसवायचा, वर पट्टे. माणूस उभा राहतो, दोन पावलं टाकतो, तोंड वाकडं करतो. कारागीर पाय काढून घेतो, घासतो, परत देतो. बहुधा त्याच दिवशी माणूस चालत घरी जातो. या कामात वापरणाऱ्याचं मत आणि ते ऐकणारा हात यांच्यात एका पावलाचं अंतर आहे. अहवाल मध्ये येतच नाही.

आणि तरी बाहेरचे लोक इथं आले, त्यांचा उपयोगही झाला. इस्रोने पॉलियुरेथेनचं तंत्रज्ञान दिलं, त्यातून पाय हलका झाला. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्यांचा प्रश्न मात्र तसाच होता. साध्या बिजागरीचा गुडघा चालता चालता अचानक दुमडायचा आणि माणूस पडायचा. तो सोडवायला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी संस्थेबरोबर कामाला लागले. तेल मुरवलेल्या नायलॉनचा, अनेक आसांवर फिरणारा, वीस डॉलरच्या घरातला गुडघा त्यांनी केला. ‘टाइम’ने २००९ सालच्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. तेल मुरलेलं नायलॉन जयपूरच्या पंक्चरच्या दुकानात सापडलं नसतं. पण दुमडणारा गुडघा ही खरी अडचण आहे, किंमत एवढ्याच्या वर गेली तर उपयोग नाही, धुळीत नि पाण्यात तो टिकला पाहिजे, हे स्टॅनफर्डमध्ये कोणाला माहीत होतं? प्रश्न जयपूरने दिला, उत्तराचा तुकडा बाहेरून आला. चांगल्या सल्ल्याची यापेक्षा सरळ मांडणी मला सुचत नाही.

एक खडा मात्र दाताखाली येतोच. १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो डॉ. सेठींना, पद्मश्रीही त्यांनाच. सेठी मोठे डॉक्टर होते, त्यांचं श्रेय खोटं नाही. पण कितीतरी वर्षं जगाला या पायामागे एकच नाव माहीत होतं आणि ते पदवीचं होतं. आपल्या कारखान्यांतून सूचनापेट्या रिकाम्या का राहतात, याचं एक कारण इथं उघडच आहे. सूचना देणाऱ्याचं नाव वर जाईपर्यंत वाटेत कुठंतरी गळतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या धंद्यात हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात उभा आहे. नंदकिशोर चौधरी मूळचे चुरूचे, वडिलांचं बुटांचं दुकान. बँकेत लागणारी नोकरी त्यांनी सोडली आणि १९७८ साली वडिलांकडून पाच हजार रुपये उसने घेऊन दोन माग आणि नऊ विणकरांवर गालिचे विणायला सुरुवात केली. विणकर दलित, त्यांच्यात बसतो-उठतो म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. त्याचीच पुढं ‘जयपूर रग्ज’ झाली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे आज चाळीस हजारांच्या आसपास कारागीर, सहाशे गावं, त्यात बहुसंख्य बायका. सी. के. प्रल्हाद यांच्यासारख्या व्यवस्थापनाच्या जगद्विख्यात पंडिताने तिचा अभ्यास केला, तळागाळातल्या बाजारावरच्या आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तिला जागा दिली.

गालिचा कसा विणतात ते पाहिलं की या धंद्यात डोकं आणि हात किती दूर ठेवले आहेत ते कळतं. उभा माग, ताणलेला ताणा, वर लोंबणारे लोकरीचे गोळे आणि विणकरणीच्या डोळ्यांसमोर नकाशा. नकाशा म्हणजे चौकटींचा कागद. एक चौकट म्हणजे एक गाठ, एक रंग. ती गाठ मारते, छुरीने धागा तोडते, ओळ झाली की पंजाने ठोकून बसवते. चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या तर एका चौरस फुटाला १४,४०० गाठी होतात, आणि यातली एकही तिने ठरवलेली नसते. नक्षी जयपूरच्या कार्यालयातला डिझायनर काढतो, रंग न्यूयॉर्कच्या यंदाच्या आवडीवरून ठरतात. तिचं कौशल्य कशात, तर नकाशा जसाच्या तसा उतरवण्यात. चुकली तर ती चूक.

मग कंपनीने ‘मनचाहा’ नावाचा प्रयोग केला. उरलेली लोकर विणकरांना द्यायची, नकाशा द्यायचा नाही, जे वाटेल ते विणा म्हणायचं. सुरुवातीला बायका गांगरल्या असतील तर नवल नाही. आयुष्यभर ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांना एकदम विचारलं की आधी संशयच येतो. पण त्यांनी विणलं, आणि त्यातल्या गालिच्यांना जर्मनीत डिझाइनचे पुरस्कार मिळाले. पुढं तुरुंगातल्या कैद्यांनीही असे गालिचे विणले. चौधरींनी आणखी एक गंमत केली. कंपनीत मोठ्या पदव्या घेऊन येणाऱ्यांसाठी ‘हायर स्कूल ऑफ अनलर्निंग’ काढलं: आधी शिकलेलं विसरा, खेड्यात जा, विणकराशेजारी बसा, मग कार्यालयात या. बाहेरच्या हुशारीवर घरचं हे औषध.

मला हा प्रयोग आवडतो, पण त्याच्या आरत्या ओवाळाव्यात असं वाटत नाही. नक्षी ठरवायचा अधिकार मागापाशी आला हे खरंच मोठं आहे. पण मजुरीचा दर, कुठला बाजार धरायचा, कुठलं काम बंद करायचं, मंदी आली तर कोणाचे माग आधी थांबवायचे, हे निर्णय कुठल्याच गालिचाकंपनीत मागापाशी होत नाहीत. विचारायचं ठरवलं तरी काय विचारायचं, हे ठरवणारा अजून वरच बसलेला असतो. रंगाबद्दल विचारणं सोपं आहे, पैशाबद्दल विचारायला धाडस लागतं.

आता सल्लागारांची बाजू. तीही आहे, आणि ती मांडायला आपण लाजायचं कारण नाही. कंपनीच्या आतल्या माणसाने एकच कारखाना पाहिलेला असतो, बाहेरच्याने दहा. ज्या गोष्टीत आपण रोज राहतो ती आपल्याला दिसेनाशी होते. आतल्या माणसाला बढती हवी असते, साहेबाची मर्जी सांभाळायची असते. बाहेरच्याला निदान कागदावर तरी ती गरज नसते. फोरमनची मक्तेदारी, दोन खात्यांतलं जुनं भांडण, मालकाच्या मेव्हण्याचं खरेदीखातं, यावर आतून कोण बोट ठेवणार? बाहेरचा माणूस ठेवू शकतो. ठेवतोच असं नाही, कारण त्यालाही पुढचं काम याच मालकाकडून हवं असतं.

चाकणकडच्या एका कारखान्यातली गोष्ट एका मित्राने सांगितली. रंगकामाच्या विभागात माल परत येण्याचं प्रमाण वाढलं. पुण्याहून नव्हे, थेट मुंबईहून सल्लागार आले. कोवळी पोरं, इस्त्रीचे शर्ट, लॅपटॉप. तिथल्या जुन्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं की साहेब, टांगायच्या हुकांमधलं अंतर कमी केलंय, भाग एकमेकांवर सावली धरतात, तिथं रंग पातळ बसतो. पोरांनी लिहून घेतलं. काही आठवड्यांनी वातानुकूलित खोलीत अहवाल मांडला गेला, त्यात रंगीत आलेख होते, मासळीच्या काट्याची आकृती होती आणि शेवटी लिहिलं होतं: हुकांमधलं अंतर. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑपरेटर त्या खोलीत नव्हता. तो याआधी दोनदा हेच सुपरवायझरला बोलला होता. पण त्याच्या बोलण्याला शिक्का नव्हता. पिकतं तिथं विकत नाही, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्या पोरांनी चोरी केली असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी निदान ऐकलं तरी. सुपरवायझरने तेही केलं नव्हतं.

प्रश्न असा की ऑपरेटर नंतर गप्प का बसला? दोनदा सांगितलं आणि पुढं सोडून दिलं, ते का? याचं उत्तर सल्लागारीच्या आद्य पुरुषानेच देऊन ठेवलं आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली वैज्ञानिक व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं. कामगार मुद्दाम हळू काम करतात, असं त्याने पाहिलं होतं, आणि त्यामागचं कारणही ओळखलं होतं: जास्त काम केलं की मालक नगामागचा दर उतरवतो. म्हणजे कामगार आळशी नव्हता, त्याला हिशेब कळत होता. इतकं अचूक निदान करून टेलरने औषध मात्र भलतंच दिलं. विचार करायचं काम कामगाराकडून काढून घ्या, घड्याळ घेऊन बसणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. गेलं शतकभर जगातले बहुतेक कारखाने या सल्ल्यावर चालले आहेत आणि बहुतेक सल्लागारांची घरंही.

सुधारणा सुचवली की आपल्याच बाजूच्या माणसाची नोकरी जाते, ही भीती जिथं खरी आहे तिथं सूचनापेटीत फक्त कॅन्टीनच्या भाजीबद्दल चिठ्ठ्या पडणार. हे ज्याने सर्वांत स्पष्ट सांगितलं तोही सल्लागारच होता, आणि परकाही. एडवर्ड डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० साली जपानी शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेच्या बोलावण्यावरून जपानला गेला आणि मालकांना, अभियंत्यांना व्याख्यानं दिली. त्याचं म्हणणं असं की बहुतेक दोष कामगाराचे नसतात, व्यवस्थेचे असतात, आणि व्यवस्था वरच्यांनी बनवलेली असते. म्हणून आधी भीती घालवा. व्याख्यानांच्या छापील प्रतींचं मानधन त्याने घेतलं नाही, त्यातून १९५१ साली डेमिंग पुरस्कार सुरू झाला. पुढं १९६२च्या सुमारास काओरू इशिकावाने कामगारांच्याच छोट्या गटांची कल्पना रुजवली. ‘क्वालिटी सर्कल’ ते हेच. आपल्याकडे हैदराबादच्या ‘भेल’मध्ये १९८० साली पहिलं मंडळ सुरू झालं. थोडक्यात, बाहेरून आलेल्या माणसाने दिलेला सगळ्यात यशस्वी सल्ला हा होता की आतल्यांना विचारा.

याची जयपूर शाखाही आहे. १९४६ साली इथं नॅशनल इंजिनीअरिंग इंडस्ट्रीज ही बेअरिंग करणारी कंपनी निघाली. ‘एनबीसी’ ही तिची छाप रेल्वेच्या डब्यांपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांनी पाहिली आहे. तिला २०१० साली डेमिंग पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली त्याच्या वरचा ग्रँड प्राइझ. बेअरिंगमध्ये चूक मायक्रॉनची असते. तिथं घासणी यंत्रावरचा माणूस ‘आज आवाज वेगळा येतोय’ म्हणाला आणि वरच्याने ते हसण्यावारी नेलं, तर त्याची किंमत महिन्याभराने गिऱ्हाईक सांगतं. या पुरस्काराचे परीक्षक थेट यंत्रावरच्या माणसाला विचारतात, हे तू का करतोस म्हणून. पाठ केलेलं उत्तर तिथं टिकत नाही.

पण बाहेरच्याचं ऐकायचं कधी आणि सोडून द्यायचं कधी, याचा सर्वांत चांगला धडा जयपूर वसलं तेव्हाचाच आहे. सवाई जयसिंगाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी नव्या नगराचा पाया घातला. आराखड्याचं काम दिलं विद्याधर भट्टाचार्याला. तो बंगाली खरा, पण बाहेरून आणलेला नामांकित स्थपती नव्हे. दरबाराच्या हिशेबतपासणीच्या कचेरीतला कारकून. त्याचं डोकं कुठं चालतं हे राजाने ओळखलं आणि नऊ चौकड्यांचं, म्हणजे चौकोनी विभागांचं, शहर त्याच्याकडून आखून घेतलं. चौकांतले आजचे ट्रॅफिकवाले त्याला काय म्हणतात ते सोडा, तीनशे वर्षं शहर त्या रेघांवर उभं आहे.

ग्रहगणिताच्या बाबतीत मात्र जयसिंगाने बाहेरचा सल्ला मागवला, आणि तोही समुद्रापलीकडून. आग्र्याचे जेझुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो यांना गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवलं. ते परत आले ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला हीरची कोष्टकं घेऊन. युरोपातली त्या काळची नावाजलेली कोष्टकं. दुसरा कोणी राजा असता तर रेशमी कापडात गुंडाळून ठेवली असती, किंवा दरबारातल्या ज्योतिषांना हाकललं असतं. जयसिंगाने ती आपल्या निरीक्षणांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात त्याला अर्ध्या अंशाचा फरक सापडला, ग्रहणांच्या वेळाही जुळेनात. तसं त्याने आपल्या झिज-इ-मुहम्मदशाहीच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं. त्याला हे म्हणता आलं, कारण ताडून पाहायला त्याच्या अंगणात यंत्रं होती. पितळेची लहान यंत्रं झिजतात, त्यांचे आस हलतात म्हणून ती त्याने बाजूला सारली आणि चुन्या-दगडात बांधली. बृहत् सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, नुसत्या डोळ्यांना सरकताना दिसते.

ज्या कंपनीपाशी स्वतःची मापं नाहीत, जिनं आपल्या माणसांना कधी विचारलं नाही, तिला सल्लागाराची कोष्टकं बरोबर आहेत की चूक हे कळायचं कसं? ती फक्त विश्वास ठेवू शकते किंवा पैसे बुडाले म्हणू शकते. कामगाराचं म्हणणं ऐकायचं ते तोच खरा म्हणून नव्हे. तो आपला मोजदंड आहे म्हणून.

जयसिंगाचं तरी सगळं बरोबर होतं का? नाही. त्याने पाठवलं पोर्तुगालला, कारण त्याच्या ओळखीचे पाद्री पोर्तुगीज होते. त्या काळात ग्रहगणिताची घोडदौड पॅरिस आणि लंडनला चालली होती. केप्लरचे नियम आणि न्यूटनचं गुरुत्व त्याच्या हाती पडलं नाही. चंदननगरहून बूदिए आणि पाँ हे फ्रेंच पाद्री १७३४ साली जयपूरला आले, तोवर यंत्रं बांधून झाली होती. ओळखीतला सल्लागार आणि हवा असलेला सल्लागार हे दोघं एकच असतात, असं आपण आजही धरून चालतो. मालक ज्या क्लबात जातो तिथं जो भेटतो तो.

या वेधशाळेची डागडुजी १९०१-०२ साली झाली तेव्हा काम सोपवलं गेलं लेफ्टनंट गॅरेट या ब्रिटिश अभियंत्याकडे. पण यंत्रं वाचायची कशी, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात नव्हतं. त्यासाठी मदतीला घेतले जयपूरचेच पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी, वय तेव्हा विशीच्या आत. पुढं हिंदी कथेत अमर झाले ते हेच. १९०२ सालच्या वेधशाळेवरच्या पुस्तकावर गॅरेटबरोबर गुलेरींचंही नाव आहे. मास्टरजींपेक्षा हा मुलगा नशीबवान.

कायद्यात हे सगळं फार पूर्वीच लिहून झालं आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सरकार वर्क्स कमिटी नेमायला सांगू शकत होतं. त्यात मालकांच्या प्रतिनिधींहून कामगारांचे प्रतिनिधी कमी असता कामा नव्हते. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ आलं: कामगारांना व्यवस्थापनात सहभाग मिळावा म्हणून राज्याने पावलं उचलावीत. १९९० साली तसं विधेयकही राज्यसभेत मांडलं गेलं, कायदा मात्र झाला नाही. ज्यांनी अशा कमिट्यांत बसून दिवस काढले आहेत त्यांना विचारा, विषयपत्रिकेवर काय असतं ते: गणवेशाचं कापड, बसची वेळ, पिण्याचं पाणी. नवं यंत्र कुठलं घ्यायचं, हा विषय तिथं यायच्या आधीच यंत्र बंदरावर उतरलेलं असतं.

एकदा मात्र मुंबईत कामगारांना सगळंच ठरवावं लागलं. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ साली बंद पडली. मालक घराण्यातल्या भांडणात कारखाना बुडतोय, हे कामगार बघत होते. त्यांची युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८८ साली आजारी उद्योगांच्या मंडळाने कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे द्यायची योजना मंजूर केली. कारखाना पुन्हा सुरू झाला, सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढं भांडवल, बाजार, आपसातले वाद, सगळंच आलं आणि कारखाना पुन्हा आजारी पडला. यंत्र चालवायचं ज्ञान आणि तांब्याच्या भावाचा जुगार खेळायचं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी कामगारांनाही बाहेरचाच माणूस शोधावा लागतो.

याच कमानी घराण्याने जयपुरात उभी केलेली कंपनी म्हणजे जयपूर मेटल्स अँड इलेक्ट्रिकल्स. पुढं ती राज्य सरकारकडे गेली, आजारी पडली, १९९७ साली त्याच मंडळापुढं आली. मंडळाने २००२ साली मत दिलं की गुंडाळा. प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळात तिचं काय करावं यावर अधिकारी बोलले, बँका बोलल्या, मालमत्ता पुनर्रचना कंपनी बोलली. जमिनीचं मोल किती याचेही हिशेब झाले. २०१८ साली दिवाळखोरीच्या नव्या कायद्याखाली कंपनी वाचवायची एक वाट निघाली, तेव्हा उच्च न्यायालयाने त्यामागचा आदेशच रद्द केला. त्याविरुद्ध दिल्लीला गेली ती कर्मचाऱ्यांची संघटना. कंपनी मोडू नये, चालवणारा मिळतो का पाहावं, एवढंच तिचं म्हणणं. १२ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करून प्रकरण पुढं चालू द्यायला सांगितलं. निकालावर अपील करणारी म्हणून नाव आहे ते कर्मचारी संघटनेचंच, आणि मंडळाच्या ‘गुंडाळा’ला तोवर सोळा वर्षं झाली होती.